भाजी पार्सल, भाकरी घरची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत घरखर्चावर एक लेख आला होता. पार्सल आणणे बंद करा, सगळे घरी करा, महिन्याचे तीन-चार हजार वाचतील, असा त्याचा सूर. आमच्या ऑफिसात ते कात्रण या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, एकाने तर बायकोला फोटो काढून पाठवला. (त्याला संध्याकाळी काय ऐकावे लागले ते दुसऱ्या दिवशी आम्हाला कळले.) लेख मन लावून लिहिला होता, यात वाद नाही. वाद आहे तो हिशेबाच्या रीतीशी. मी जळगावच्या एमआयडीसीत एका दालमिलमध्ये एकवीस वर्षे वह्या लिहिते. अशा रीतीचा हिशेब मी शेठजींपुढे ठेवला असता तर वही परत अंगावर आली असती.

का, ते सांगते. आमच्याकडे तुरीचे पोते आले की त्याची खरेदी लिहून काम भागत नाही. आडत लिहायची, हमाली लिहायची, तोलाई लिहायची, बारदानही लिहायचे. पोते या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेले तरी कोणाला तरी काहीतरी द्यावे लागते आणि ते वहीत दिसते. आपल्या लेखात शेवभाजी घरी करण्याचा खर्च मांडला होता त्यात शेव होती, कांदा होता, तेल होते. कांदा चिरणारी नव्हती. मसाला भाजणारी, वाटणारी, आणि जेवणे झाल्यावर तर्रीने लाल झालेली कढई घासणारी, हिच्या नावचा रकानाच नव्हता. मजुरी शून्य धरली की घरचे सगळेच स्वस्त निघते, त्यासाठी लेख कशाला हवा?

घरात आम्ही चौघे. हे हार्डवेअरच्या दुकानात आहेत, धाकटी नर्सिंगला, सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. मोठा पुण्यात असतो, तो काय खातो हे विचारायचे मी सोडून दिले आहे. संध्याकाळी सात वाजता स्कूटी दारात लावते, तेव्हा चपला काढायच्या आधी आतून प्रश्न येतो, "आज काय शे?"

तर शेवभाजीचाच हिशेब घ्या, कारण खान्देशात राहून दुसऱ्या भाजीचा हिशेब आधी मांडला तर लोक हसतील. मी वजनकाटा घेऊन केला. भाजीची जाड तिखट शेव २०० ग्रॅम, ५० रुपये. कांदे १०. सुके खोबरे, तीळ, आले-लसूण, कोथिंबीर मिळून ३५ (खोबरे सध्या चांदीच्या भावाने तोलतात की काय असे वाटते). तेल १२, काळा मसाला ८, गॅस ६. बेरीज १२१. आमच्या रिंगरोडकडच्या हॉटेलात फुल शेवभाजीचे पार्सल १५० ला मिळते आणि आम्हा चौघांना ते पुरते. कसे पुरते ते पुढे सांगते. म्हणजे घरी करून वाचले २९ रुपये, आणि त्यासाठी ओट्यापाशी सव्वा तास. आमच्या मिलमध्ये डाळ निवडायला बसणाऱ्या बाईलाही तासाला याहून जास्त पडतात.

आता त्याच हॉटेलातून आठ रोट्या आणा. रोटी २० रुपयांना, म्हणजे १६० झाले. भाजीपेक्षा रोट्यांचे बिल मोठे! आणि घरी आठ भाकरींना लागते पाऊण किलो पीठ. ज्वारी ४५ ची, दळणावळ धरून किलोला ५१, म्हणजे अडतीस रुपये. पैसा वाचतो तो इथे. १२२ रुपये एका रात्रीत, आणि वेळ लागतो वीस-पंचवीस मिनिटे, तोही हे ताटे-पाणी घेतात तेवढ्यात निघून जातो.

हा शोध माझा नाही, सासूबाईंचा आहे. त्या पारोळ्याकडच्या. तीन वर्षांपूर्वी मार्चएंडच्या गडबडीत मी एकदा भाजी आणि रोट्या असे सगळेच पार्सल घेऊन आले. त्यांनी पिशवीत हात घालून ती फॉइलमध्ये गुंडाळलेली चळत बाहेर काढली, एक रोटी दोन बोटांत धरून उजेडात बघितली आणि म्हणाल्या, "भाकर बाहेरनी? तुना हात मोडनात का व?" मला राग आला. दिवसभर आकडे, घरी आल्यावर हे. पण जेवताना त्याच हळूच म्हणाल्या, "भाजी लई ये. पन भाकर घरनी पाहिजे." म्हणजे भाजी घेऊन ये, पण भाकरी घरची हवी. त्या दिवसापासून आमच्या घरात हा कायदा झाला आणि पीठ मळायचे काम कायद्याने त्यांच्याकडे गेले. थापते मी. त्यांना बसून मळता येते, उभे राहून थापता येत नाही.

हॉटेलची भाजी चौघांना पुरते ती अशी. एक तर शेव वेगळी बांधून मागायची. रश्श्यात घालून दिली की घरी येईपर्यंत तिचा चिखल होतो, आणि डबा भरलेला दिसतो तो शेवेने फुगून. वेगळी मागितली की रस्सा किती दिला ते डोळ्यांना दिसते. दुसरे, घरी आल्यावर रस्सा पातेल्यात ओतायचा आणि दोन मिनिटे हलवायचा नाही. वर बोटभर तर्री जमते. ती पळीने वाटीत काढून घ्यायची. उरलेल्या रश्श्यात एक पेला गरम पाणी आणि वाटीभर शिजवलेले मूग नाहीतर चवळी घालून एक उकळी आणायची. हॉटेलचा मसाला इतका जबर असतो की पाणी घातल्याचे कोणाला कळत नाही, उलट सकाळी पोटाला बरे वाटते. वाटीतली तर्री फ्रीजमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी वांगे-बटाट्याला नाहीतर गंगाफळाला (लाल भोपळ्याला) तीच फोडणी. वेगळे तेल नाही, वेगळा मसाला नाही. दीडशे रुपयांचे पार्सल असे दोन वेळा जेवायला बसते. कडधान्य पोटात जाते ते वेगळेच. धाकटीने दोन आठवडे हे नवीन काहीतरी आहे म्हणून खाल्ले, मग तिला कळले.

हेच पार्सल मोबाइलवरून मागवले तर काय होते, तेही एकदा लिहून ठेवले आहे. हॉटेलात १५० ची भाजी ॲपवर १८५. पॅकिंग १५, पोहोचवण्याचे ३५, प्लॅटफॉर्मचे म्हणून काहीतरी, वर कर. बेरीज २५७. हॉटेल आमच्या घरापासून चालत नऊ मिनिटांवर आहे. 'शंभर रुपये सूट' असे वर मोठ्या अक्षरांत होते, पण ती ३९९ च्या पुढे. ती गाठायला धाकटीने जिरा राईस घातला, मग गुलाबजाम. शंभर वाचवायला दोनशेच्या वरचे जास्त घेतले. मी तिला रागावले नाही, कारण तिच्या वयाची नसूनही मी याहून मोठा खड्डा खणलेला आहे.

तो असा. गेल्या मे महिन्यात पगार झाला त्या रविवारी आम्ही हायवेकडच्या एका मोठ्या मार्टमध्ये गेलो. बाहेर पारा चव्वेचाळीसवर, आत एसी, त्यामुळे पाय निघेना. यादी करून नेली होती, यादीतल्या वस्तूंचे होतात २,१४० रुपये. बिल झाले ३,३१०. वरच्या ११७० मध्ये काय काय होते ते अजून पाठ आहे: रवा, एक किलोवर एक किलो फुकट, म्हणून अशा दोन जोड्या. टोमॅटो सॉसच्या मोठ्या बाटल्या दोन. मसाला ओट्सचा डबा, ज्यावर एक चमचा मोफत होता. चार किलो रवा! आमच्याकडे रव्याचा शिरा होतो तो सत्यनारायणाला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात डबा उघडला तर वरचा थर जाळीने एकसंध उचलला गेला, झाकणासारखा. खाली अळ्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. डबा उचलला, अंगणात परातीत ओतला आणि चिमण्यांची वाट बघत बसल्या. त्या न बोलण्याचे मला अजून वाईट वाटते. चमचा मात्र चांगला निघाला, तो मिठाच्या बरणीत आहे.

त्यानंतर मी मार्टवर बहिष्कार वगैरे घातला नाही. मार्टला काही गोष्टी खरोखर स्वस्त मिळतात, त्या तिथूनच घ्याव्यात. साबण, कपड्यांची पावडर, चहापत्ती, तेल. पण तेल घेताना पाकीट पालथे करून बघा. एका फळीवर एकाच उंचीची तीन पाकिटे मी हातात धरली: एकावर ९१० ग्रॅम, एकावर ८७०, एकावर ८००. सोयाबीनचे लिटरभर तेल भरते साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे तिसरे पाकीट 'सर्वांत स्वस्त' दिसत होते ते शंभरावर ग्रॅम कमी असल्यामुळे. पाकिटांची ठरीव मापे कायद्यातून गेली तशी ही मजा सुरू झाली. मात्र त्याच वेळी एक चांगलेही झाले, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरांत ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापावा लागतो. किलोच्या आतले पाकीट असेल तर ग्रॅमचा दर, वरचे असेल तर किलोचा. मोठे ते स्वस्त, हे आपण गृहीत धरतो. मी तिखटाची दोन पाकिटे ताडून बघितली: २०० ग्रॅमचे ८४ ला, म्हणजे ग्रॅमला ४२ पैसे. ५०० ग्रॅमचे 'फॅमिली पॅक' २२५ ला, म्हणजे ४५ पैसे. फॅमिली असल्याचा दंड! चष्मा घरी राहिला असेल तर शेजारच्या पोराला वाचायला सांगावे, लाजू नये.

आणखी एक. पाकीटबंद शेव-फरसाणावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तो कमी झाला सरकारने केला म्हणून. आमच्या मार्टने त्यावर पिवळा फलक लावला, 'आमच्याकडून दिवाळी भेट'.

डाळ-दाण्याचे सांगते, तो माझा प्रांत आहे. डाळ मार्टमध्ये घेऊ नका. मी दालमिलचा पगार खाऊन हे सांगते, म्हणून नीट ऐका. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पीठ यांवर ५ टक्के जीएसटी आहे, पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटाला. दाणा बाजारातला दुकानदार पोत्यातून सुटी तोलून देतो त्याला तो कर नाही. म्हणजे गिऱ्हाईक सुरुवातीलाच पाच रुपये शेकडा मागे. वर पाकिटाचा, छपाईचा, जाहिरातीतल्या हसऱ्या बाईचा खर्च. सुटी तूरडाळ घेताना 'फटका', म्हणजे पहिल्या प्रतीची, मागायची गरज नाही, 'सव्वा नंबर', म्हणजे तिच्या खालची, मागा. दिसायला फटक्याइतकी देखणी नसते, भावाला किलोमागे आठ-दहा रुपयांनी उतरती असते, आणि वरण झाल्यावर तिला कोणी नंबर विचारत नाही. तुकडा मिळाला तर आणखी स्वस्त, खिचडीला आणि फुनक्यांना उत्तम. फुनके म्हणजे तरी काय, भिजवलेली डाळ भरडसर वाटायची, कांदा-मिरची घालून मुठी वळायच्या आणि वाफवायच्या. वाटायचीच आहे तर अख्खी देखणी डाळ कशाला? सोबत ताकाची कढी केली की चौघांचे जेवण. हॉटेलात फुनके मिळत नाहीत फारसे, म्हणून हे घरी. जे बाहेर बनवताना त्यांना स्वस्त पडते आणि आपल्याला वेळखाऊ, ते बाहेरून, आणि जे आपल्याला सोपे पण ते लोक वाटेल तो भाव लावतात, ते घरी. माझी सगळी वही एवढ्यावर चालते.

पौष्टिकतेचेही लेखात होते. ओट्स, सोया, प्रथिनांची पावडर. त्यावर धाकटी जे बोलली ते लिहिते, कारण ती हल्ली अभ्यास करताना घरातल्या प्रत्येक पातेल्याची परीक्षा घेते. कळण्याची भाकरी खाताना म्हणाली, "आई, ज्वारीत लायसीन कमी असतं, उडदात भरपूर. हे कोणी ठरवून केलं?" कोणी ठरवून केले ते मला माहीत नाही. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद आणि मीठ असे गिरणीत जाते आणि त्याला कळणा म्हणतात, एवढेच माहीत. भाकरी जरा काळसर, तुटक होते, तव्यावर पदर सुटतो, आणि सोबत ठेचा, कच्चे तेल असले की भाजीची आठवण येत नाही. पाच किलो कळण्याला ज्वारीपेक्षा साठ-सत्तर रुपये जास्त लागतात. ओट्सच्या त्या डब्याला दोनशे दहा लागले होते, चमच्यासकट.

केळ्याचेही तसेच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळाले, आपण त्याचे बॅनर लावले. आणि शाळेच्या डब्यात बिस्किटाचा पुडा देतो. संध्याकाळी हातगाडीवर जरा ठिपके पडलेली फणी अर्ध्या भावात मिळते, ती गोडीला सगळ्यात चांगली.

आता भरिताचा हंगाम आहे, त्यावर लिहिल्याशिवाय पत्र संपवता येणार नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मानांकन मिळाले. असोदा, भालोद, बामणोदची ती पांढरट हिरवी, लांबोडकी वांगी बाजारात आली की चौकाचौकांत भरीत केंद्रे लागतात. तयार भरीत यंदा आमच्याकडे २४० रुपये किलो आहे. मी ते घेत नाही आणि घरीही पूर्ण करत नाही. घरी गॅसवर दोन किलो वांगी भाजायची म्हणजे आठ वांगी, एकेकाला पंधरा मिनिटे, बर्नर तुंबलेले, ओटा काळा, आणि इतके करून वास गॅसचा. भरिताला वास लागतो पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काटक्यांचा, तुरीच्या काठ्यांचा. तो माझ्या किचनमध्ये कुठून आणू?

मी काय करते, बाजारातून दोन किलो वांगी निवडून घेते, यंदा ३० रुपयांनी मिळाली. वजनाला हलकी, दाबली की उसळी मारणारी, देठ हिरवा. जड वांगे बियांचे. ती पिशवी आमच्या भागातल्या एका केंद्रावर देते. तो भाजून, सोलून, बडजीत (लाकडी भांड्यात) ठेचून देतो, किलोमागे ४० रुपये घेतो. संध्याकाळी सहाला तिथे उभे राहिले की पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर ओळीने टाकलेली वांगी, साली फुटून पाणी सुटते ते जाळावर चर्र करते, आणि मुलगा उघड्या हाताने ती फिरवत असतो. हात भाजत नाहीत का, विचारले तर म्हणाला, "ताई, डिसेंबरात भाजतात, जानेवारीत नाही." ठेचलेला गरम गोळा डब्यात घेऊन घरी यायचे आणि फोडणी आपली: तेल, लसूण, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात. वांगी ६०, भाजणावळ ८०, फोडणी ५०. १९० रुपयांत सव्वा किलो भरते. तयार घेतले असते तर तेवढ्याला ३०० पडले असते. आणि सासूबाईंना जशी मिरची चालते तशी घालता येते, कारण केंद्रावाले मिरची घालतात ती गिऱ्हाइकाने पाणी जास्त प्यावे म्हणून की काय, कळत नाही.

बघा, हे ना घरचे ना बाहेरचे. आपल्या लेखाच्या दोन रकान्यांत हे कुठल्या रकान्यात बसवायचे?

आता तक्रारी. दोनच आहेत.

पहिली हॉटेलवाल्यांविषयी. आपण शिवभोजन थाळीचा सरकारी कागद कधी वाचला आहे का? २६ जानेवारी २०२० ला ती दहा रुपयांत सुरू झाली तेव्हा त्यात लिहिले होते: तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. दहा रुपयांच्या ताटाचे ग्रॅम लिहिता येतात, आणि दीडशेच्या पार्सलला मात्र 'हाफ' आणि 'फुल'. कशाचे हाफ? मी सहा महिने एकाच हॉटेलचे फुल पार्सल घरी आणून तोलले. सर्वांत जास्त ७४० ग्रॅम, सर्वांत कमी ५६०. रविवारी कमी, मंगळवारी जास्त. भाव तोच. आमच्या मिलमधून असे माप गेले असते तर व्यापाऱ्याने गाडी परत पाठवली असती.

शिवाय डब्याचे. मी घरून स्टीलचा डबा नेते. गल्ल्यावरचा म्हणतो, ताई, डब्यात नाही, कंटेनरमध्येच, त्याचे दहा रुपये. उकळता रस्सा प्लॅस्टिकमध्ये ओतायचा, त्याचे पैसे मी द्यायचे, आणि घरी जाऊन तो कंटेनर घासायचाही मीच. मी त्याला म्हटले, अरे, माझ्या लहानपणी लोक किटली घेऊन रस्सा आणायला जायचे. तो म्हणाला, तेव्हा हॉटेलही नव्हतं, ताई. यावर मला उत्तर सुचले नाही, घरी आल्यावर सुचले.

दुसरी तक्रार आपल्याविषयी आहे, क्षमा असावी. जळगावचे लोक सोने घेतात म्हणून आपण सोन्याचा भाव रोज पहिल्या पानावर छापता, चोवीस कॅरेटचा वेगळा, बावीसचा वेगळा. बाजार समितीचे भावही आतल्या पानावर असतात, पण ते क्विंटलचे, शेतकऱ्याच्या कामाचे. माझ्या पिशवीचे भाव कुठेच नसतात. मी सोने शेवटचे घेतले मोठ्याच्या बारशाला. तूरडाळ दर महिन्याला घेते. दाणा बाजारातली सुटी सव्वा नंबर डाळ, ज्वारी, शेंगदाणे, सोयाबीन तेल, कांदा, गिलके, मेथीची जुडी, एवढ्या सात-आठ वस्तूंचे किरकोळ भाव दर शनिवारी एका चौकोनात द्या. जळगावचे, धुळ्याचे, नंदुरबारचे शेजारी शेजारी. बातमीदाराला पिशवी देऊन पाठवा, म्हणजे भावही खरे येतील आणि भाजीही घरी जाईल. महिनाभर छापून पाहा, सोन्याच्या आधी लोक तो चौकोन वाचतात की नाही.

आणि यापुढे स्वयंपाकाचा हिशेब छापाल तेव्हा मजुरीचा रकाना ठेवा. आकडा कोणता घालायचा हा वादाचा विषय आहे, आमच्याही घरात आहे. यांनी तासाला वीस सुचवला. मी साठ लिहिला आहे, पेन्सिलीने.

माझे नाव छापू नये ही विनंती, कारण आमचे शेठजी आपले दैनिक वाचतात आणि पाकिटाच्या डाळीविषयी वर जे लिहिले आहे ते त्यांना आवडणार नाही.

कळावे,
आपली,
एक वाचक,
पिंप्राळा, जळगाव

ता. क. पत्र टाकायला निघाले तेव्हा वाटेत हॉटेलवर थांबले होते. आज त्याने स्टीलच्या डब्यात द्यायला होकार दिला. डबा भरून दिला, शेव वेगळी बांधली, आणि बिलात कंटेनरचे दहा रुपये लावले. विचारले तर म्हणाला, ताई, मशीनमधून निघत नाहीत.